जोडीदाराचे नग

बाथरूमची कडी आतून लावलेली होती आणि आत सुनेत्रा मोजत होती.

"एकसष्ट... बासष्ट..."

मला ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ सोडून ठेवला होता. सव्वीस वर्षं संसार करूनही हिला कळू नये, की मी एक वेळ चोर शिरला तरी झोपून राहीन, पण नळाचा आवाज आला की टाकीच्या काळजीने ताडकन उठतो. पहाटेचे साडेपाच वाजले होते. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

"सुनेत्रा, दार उघड."

"आंघोळ करून राहिली मी."

"आंघोळ मोजून करतात का?"

नळ बंद झाला. मग चोरी पकडली गेलीच आहे तर लपवायचं कशाला, अशा मोकळ्या आवाजात ती म्हणाली, "त्रेसष्ट."

मी दार वाजवत राहिलो आणि ती बैठका काढत राहिली. शंभर झाल्यावर कडी निघाली. ती भिंतीला धरून उभी होती. गाऊन घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरेफटक, आणि डाव्या गुडघ्याच्या पट्टीवर लाल डाग पसरत चाललेला.

"झालं," ती म्हणाली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की म्हणते ना, तसंच.

मी ओरडलो. नको ते बोललो. मग रिक्षा बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. रिक्षात ती माझा हात घट्ट धरून बसली होती. मला तिचा राग आलेला होता आणि रडूही येत होतं, पण रिक्षावाल्यासमोर मी नुसताच बाहेर बघत राहिलो.

खरं सांगायचं तर रागवायचा मला काही हक्क नव्हता. ते का, हे सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

माझे सासरे बाबाराव आमच्याकडेच राहत. सुनेत्रा एकुलती एक, त्यामुळे सासूबाई गेल्यावर ते आपली ट्रंक आणि हातांची एक लाकडी खुर्ची घेऊन मदन महल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आले. वर्ध्याकडून पोटासाठी जबलपूरला आलेला माणूस. कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. आमच्या दृष्टीने उलटं झालं असतं तरी चाललं असतं, असं मी एकदा म्हणालो होतो आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसले होते.

फिजिओथेरपीसाठी प्रणोती नावाची एक मुलगी यायची. तिने सांगितलं, खुर्चीचा हात उजव्या हाताने धरायचा, उठायचं, बसायचं. दिवसातून पन्नास वेळा. बाजूला माणूस हवाच.

"चाळीस वर्षं उभा राहिलो मी," बाबा भडकले. "आता ही पोट्टी मले उठाले शिकवन?"

आठ दिवस त्यांनी पाय हलवला नाही. शेवटी सुनेत्रा साडी खोचून त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही पन्नास करा, मी शंभर बैठका काढते. रोज. बोला."

"तू? शंभर?" बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी बायको राइट टाउनमधल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तक उचलण्यापलीकडे तिने कधी काही उचललेलं नव्हतं.

पण जमलं. रोज संध्याकाळी सहा वाजता बापलेकीचा आखाडा सुरू व्हायचा. आधी तिच्या शंभर, मग त्यांच्या पन्नास. ती कमी वाकली की बाबा ओरडत, "रिजेक्ट! पुन्हा कर!" ती हसून हसून खाली बसायची, मग तीही बैठक मोजायची की नाही यावर भांडण. माझ्या घरात तेवढं हसणं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

मधेच दम घ्यायला थांबले की बाबा कारखान्याच्या गोष्टी सांगत. एक गोष्ट तर मला पाठ झाली होती. कारखान्यात काम जोडीने असायचं आणि दिवसाचे नग, म्हणजे लेथवर काढायचे सुटे भाग, ठरलेले असायचे. जोडीदार तापात कामावर आला, त्याचे नग कमी पडायला लागले, की बाबा आपले संपवून त्याचे करायचे आणि गुपचूप त्याच्या ट्रेमध्ये टाकायचे.

"सांगाचं नाही त्याले," बाबा म्हणत. "सांगितलं तं मानूस लाजते."

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सुनेत्राच्या मावसबहिणीच्या मुलाचं नागपूरला लग्न होतं. बाबांच्या देखभालीला बेबी होती, बालाघाटकडची, चाळिशीची, तोंडाने फटकळ पण हाताने मऊ. बाबांनीच आम्हाला हाकलून लावलं, "जा, दोन दिवस जीव मोकळा करून या." लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. सात वाजता आम्ही ताटं घेऊन खुर्च्यांवर टेकलो आणि बाबांचा फोन आला. सुनेत्राने मोबाइल स्पीकरवर टाकला, कारण एका हातात ताट होतं.

"झाल्या का शंभर?"

तिच्या तोंडात सांबारवडी होती, कोथिंबिरीचं सारण भरलेली. भरजरी साडी, केसांत गजरा, सकाळपासून आहेराच्या पिशव्या उचलून दमलेली. कुठून काढणार होती ती बैठका? तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला कोपराने ढोसलं आणि ओठांनीच म्हणालो, सांग, झाल्या म्हणून.

"झाल्या बाबा," ती म्हणाली. "शंभरच्या शंभर."

मग बाबा म्हणाले, "बरं. मंग मी बी लागतो आता कामाले."

ताटातली जिलबी संपायच्या आत बेबीचा फोन आला. बाबा खुर्चीपाशी पडले होते. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं.

त्यानंतर ते नऊ दिवस जगले. त्या नऊ दिवसांत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, तोही दोन-तीनदा. अठरा. सुनेत्राचे मामा भाऊराव नागपूरहून आलेले होते. त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "गीतेचे अठरा अध्याय. शेवटी त्यालाच देव दिसला बघा." म्हणून मग तेराव्याला गुरुजी बसवून अठराही अध्याय वाचून घेतले. सगळे हात जोडून बसले होते. ज्यांनी आयुष्यात कधी बाबांच्या हाती पोथी बघितली नव्हती त्यांनाही गहिवरून आलं. सुनेत्रा भिंतीला टेकून रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तिला कळलं होतं ते मलाही कळलं होतं. पन्नासातल्या अठरा. तिने झाल्या म्हणून सांगितलं, म्हणून ते एकटे उठले, आणि अठराव्याला पडले.

चौदाव्या दिवशी पहाटे हॉलमधून आवाज आला. एक, दोन, तीन. शंभरपर्यंत. संध्याकाळी सात वाजता, त्या फोनच्या वेळेला, बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहून तिने आणखी बत्तीस काढल्या. बाबांच्या राहिलेल्या.

त्या दिवसापासून ऑपरेशनपर्यंत एकही दिवस चुकला नाही. टायफॉइडमध्ये चुकला नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, दुःख आहे, अंगातून निघून जाईल. लोक तर कौतुकच करत. शाळेतल्या बाया विचारायच्या, दीदी, कसं हो जमतं तुम्हाला या वयात? दुसऱ्या वर्षी गुडघा सुजायला लागला. जिना उतरताना ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरायची. एमआरआयमध्ये दिसलं, गुडघ्यातली गादी फाटली आहे. डॉक्टरांनी बैठका बंद सांगितल्या. तिने मान हलवली आणि संध्याकाळी सात वाजता खुर्चीसमोर उभी राहिली. बर्फ बांधायची, गोळी घ्यायची, ओढणी तोंडात धरायची आणि खाली बसायची.

"दुखत नाही का गं?" मी विचारायचो.

"दुखते ना."

"मग?"

"मग काय. दुखते."

एकदा नागपूरहून परत येताना तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे ट्रकांची रांग लागली होती. सात वाजले. ती गाडीचं दार उघडून खाली उतरली आणि दोन ट्रकांच्या मध्ये, धुळीत, साडी खोचून बैठका काढायला लागली. एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "भैया, मैडम की तबियत ठीक है?" मी म्हणालो, हां, हां, पैर अकड़ गया है. पुलाच्या खाली नर्मदा अंधारत चालली होती. मी गाडीत बसून तिच्याबरोबर मनात मोजत होतो, बत्तीस कधी होतात याची वाट बघत. मी उतरलो नाही, आणि तिला थांबवलंही नाही.

आमची मैत्रेयी पुण्याला नोकरी करते. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीत घसरते. एकदा व्हिडिओ कॉलवर तिने स्पष्टच विचारलं, "मम्मी, ये पनिशमेंट किसको दे रही हो?" सुनेत्राने विषय बदलला, तिकडे पाऊस आहे का म्हणून विचारलं. मी शेजारी बसून चहा पीत होतो. मीही काही बोललो नाही. मी एका केंद्र सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो; आलेला कागद पुढे ढकलायची मला जन्माची सवय आहे. आणि तिच्याशी बोलायला बसलो असतो तर त्या सांबारवडीपर्यंत जावं लागलं असतं, आणि तिथे माझं कोपर होतं.

तर अशी ती बाथरूमची पहाट. टाके उसवले होते. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टर माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलले. "मैडम, घुटना मैं ठीक कर सकता हूँ, आपको नहीं. अब की बार किया तो हाथ में लाठी आ जाएगी." एक्कावन्न वर्षांची बाई. तिने पुन्हा मान हलवली. ती मान हलवणं मला आता चांगलं ओळखू यायला लागलं होतं.

मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बांधून ती घरी आली. सहा आठवडे पाय वाकवायचा नव्हता. माझी सुट्टी संपली होती. दिवसभर कोणी माणूस हवं होतं. मी बेबीला शोधत निघालो. राइट टाउनमध्ये एका म्हाताऱ्या बाईंकडे ती होती, त्या नुकत्याच वारल्या होत्या. मला बघून बेबी आधी घाबरली. सुनेत्राचं नाव काढल्यावर मात्र काही न विचारता पिशवी भरून निघाली.

चौथ्या दिवशी मला ऑफिसातून यायला उशीर झाला. दाराला चावी लावली तेव्हा सात वाजून गेले होते, आणि आतून दोघींचा आवाज येत होता. सुनेत्रा पलंगावरून उठून खिडकीच्या गजाला लटकली होती. पट्टा बांधलेला पाय पुढे ताठ, आणि उजव्या एका पायावर ती खाली जायला बघत होती. बेबीने तिला कमरेला धरलं होतं.

"सोड मला, बेबी. बत्तीस कराच्या आहेत."

"काय बत्तीस? काहून बत्तीस? पाय तुटन दीदी!"

"बाबांच्या राहिल्या त्या!" सुनेत्रा किंचाळली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ते तोंडाने सांगितलं. "अठराच झाल्या होत्या त्यांच्या. मी खोटं बोलली फोनवर. मी केल्या असं समजून ते उठले, अन् पडले. बत्तीस राहून गेल्या, बेबी. सोड मला."

बेबीने सोडलं नाही. उलट तिला तशीच उचलून पलंगावर बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी फरशीवर बसली. मी दारातच उभा होतो, खांद्यावर पिशवी. दोघींनाही मी दिसत होतो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"दीदी," बेबी म्हणाली, "बाबाजीच्या पन्नास तं चार वाजताच झाल्या होत्या."

"काय?"

"तुम्ही नव्हत्या ना घरी. मी धरून उभी राहिली अन् पन्नासच्या पन्नास करून घेतल्या. एक बी कमी नाही."

"मग अठरा?"

बेबीने पदर तोंडाशी धरला. "तुमचा फोन ठेवला अन् बाबाजी हासले. मले म्हणे, 'खोटं बोलून राहिली पोट्टी. तोंडात घास होता तिच्या. सांबारवडी असन. खाऊ दे, लग्नात गेली आहे.' मंग म्हणे, 'तिचे नग मी टाकतो.' मी म्हटलं, शंभर? काही भानगड करू नका, बसा चुपचाप. तं मले म्हणे, 'बेबी, खाली जाऊन दुधाची थैली आण.' दूध घरात होतं, दीदी. मले माहीत होतं. तरी गेली मी, मले वाटलं गंमत करून राहिले. गेटवर चौकीदारासंगं बोलत बसली. वर आली तं..." ती थांबली. "सर्वायले मी सांगितलं, स्वयंपाकघरात होती म्हणून. मले भेव वाटलं. तीन वर्षं झाले, मले बी झोप नाही."

स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात होतं. कोणीच उठलं नाही.

"हसत होते?" सुनेत्राने विचारलं.

"हव. हासूनच राहिले होते."

"रागावले नव्हते माझ्यावर?"

"नाही वो दीदी. राग कायचा?"

म्हणजे ते अठरा तिचे होते. तीन वर्षं ती त्यांच्या राहिलेल्या काढत होती, आणि ते तिच्या काढताना गेले होते. सांगितलं तर माणूस लाजतो, म्हणून तेही तिला फोनवर काही बोलले नव्हते. हे कळून बरं वाटावं की आणखी वाईट, तेच मला कळेना. मी पिशवी खाली ठेवली.

"सुनेत्रा, 'सांग झाल्या म्हणून' असं मीच म्हटलं होतं तुला."

"माहीत आहे."

"मग कधीच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? तोंड तर माझंच होतं ना." ती माझ्याकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही बोलाल एखाद दिवशी, असं वाटायचं."

मी हॉलमध्ये गेलो आणि बाबांची खुर्ची ओढत खोलीत आणली. तीन वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं. सुनेत्रा पुसायची तेवढी रोज. खुर्चीच्या उजव्या हाताचं पॉलिश पार उडालेलं होतं, डावा हात अगदी नव्यासारखा. मी बसलो. चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस मी, चप्पल घालायलाही भिंत धरतो. उजवा हात धरला आणि उठलो.

"एकोणीस," मी म्हणालो.

बेबीने माझ्याकडे असं बघितलं की आता हाही कामातून गेला. मी बसलो, उठलो. "वीस."

"पाठ सरळ ठेवा," सुनेत्रा म्हणाली. "अर्धी झाली ती."

मी ती पुन्हा केली. तिशीला मांड्या थरथरायला लागल्या. पस्तिशीला डोळ्यांसमोर काजवे. एक्केचाळीसला खुर्चीत बसलो तो मला उठताच येईना; हात दाबून बघितला, दात ओठ खाऊन बघितलं. एवढं दुखतं हे मला माहीतच नव्हतं. भिंतीपलीकडून मी तीन वर्षं नुसते आकडे ऐकत आलो होतो.

"पुरे," सुनेत्रा म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी विसरलोच होतो.

बेबीने तिला आडवं केलं, पायाखाली उशी दिली आणि उतू गेलेलं पुसायला आत गेली. मी तसाच बसून राहिलो. सुनेत्राने तोंड भिंतीकडे केलं होतं, पण ओठ हलताना दिसत होते. बेचाळीस, त्रेचाळीस. अंग जराही न हलवता, नुसते आकडे. मी थांबवलं नाही. यावेळी थांबवायचं नव्हतंच. नव्वदीनंतर आवाज इतका बारीक झाला की मला तिच्या खांद्यावरून ओळखावं लागलं.

शंभर झाल्या. मग भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "सांबारवडीच होती, बाबा."

आणि मग ती रडली. बाबा गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी, उशी तोंडात कोंबून, लहान मुलीसारखी. मी खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत जायला बघत होतो आणि माझे पाय मला उचलत नव्हते.

गुडघा आता पूर्ण वाकणार नाही, असं डॉक्टर पुढे म्हणाले. मांडी घालून बसणं संपलं. अजूनही संध्याकाळचे सात वाजले की ती घड्याळाकडे बघते; ते मी बघतो. पुढे काय होईल मला सांगता येत नाही.

पण त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला सवयीने जाग आली. मी कान दिले. नळ बंद होता. मान वळवून बघितलं तर ती जागीच होती, छताकडे बघत. माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. साडेपाचाचे सहा वाजले. खाली दूधवाल्याची सायकल आली, गेली. कोणी काही मोजलं नाही.